कठड्याआडचा कोलियस

मित्रांनो, माणसांमध्ये साडेतीन वर्षं म्हणजे नुकतं कुठे बोबडं बोलणं सुटायचं वय. आम्हा कोलियस मंडळींत मात्र साडेतीन वर्षांचा म्हणजे पिकलं पान. मी असाच एक जुना, बुंध्याशी लाकडासारखा कडक झालेला कोलियस आहे. माझी पानं मधोमध गर्द लाल, कडेने पोपटी, आणि त्या कडेला करवतीसारखे बारीक दाते. फुलांसाठी मला कोणी पाळत नाही. माझी सगळी मिजास पानांवर.

तुम्ही म्हणाल, झाडाच्या आयुष्यात असं काय घडणार? उगवलं, वाढलं, वाळलं. मलाही तसंच वाटायचं. पण मी माझ्या आयुष्यातले अकरा आठवडे गजाआड काढले आहेत, आणि तेही काही गुन्हा नसताना. म्हणजे, तसा एक गुन्हा होता. पण चावा मी घेतला नव्हता, माझा घेतला गेला होता.

मी बियांतून आलो नाही. रोपवाटिकेतल्या माळीकाकांनी एका मोठ्या कोलियसची बोटभर फांदी खुडली, तिची खालची दोन पानं काढली आणि कागदी कपातल्या ओल्या मातीत ती खोचली. ती फांदी म्हणजे मी. माझ्या शेजारच्या कपात स्परफ्लॉवर होती. माळीकाकांना ते नाव जड जायचं, म्हणून ते तिला तुरेवाली म्हणत. ती माझी लांबची बहीण. आमचं घराणं एकच. आमच्या दोघांच्याही काड्या गोल नसतात, चौकोनी असतात. तिची पानं वरून गडद हिरवी आणि खालून जांभळी, जणू चांगल्या कापडाचं अस्तर. पुढे तिला फिकट जांभळ्या फुलांचे तुरे यायचे होते. मी तिला चिडवायचो की तुझी सगळी ऐट उधारीची, फुलं आली तर आली. ती म्हणायची, तुझी तर नुसती रंगवलेली पानं.

आमची थट्टा चालली होती तेव्हाच ती बाई आली. पोटाशी कापडात पाच महिन्यांचं बाळ बांधलेलं, हातात वही. तिला झाड हवं होतं, पण तिच्या अटी ऐकून माळीकाकांनी कपाळाला हात लावला. काटे नकोत, चीक नको, उग्र वास नको, मधमाश्या येतील असं काही नको, आणि बाळ मोठं होईल तसं त्याच्या नजरेला रंग मात्र दिसायला हवेत.

"ताई, मग प्लास्टिकचं घ्या," काका म्हणाले.

"प्लास्टिकवर धूळ बसते," ती गंभीरपणे म्हणाली.

मग काकांनी तिला आमच्या रांगेकडे आणलं. मित्रांनो, त्या बाईने झाड निवडलं तसं कोणी वर निवडत नसेल. एकोणीस कपांतलं एकेक पान तिने उलटं करून पाहिलं, खाली पिठासारखा पांढरा किडा तर नाही ना. कप उचलून बुडाशी मुळं बाहेर आली आहेत का ते पाहिलं. मुळांचं जाळं झालेलं रोप पुढे कुढत राहतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. जी रोपं उंच आणि किडकिडीत होती ती मागे सारली. मी बुटका होतो, माझी पानं जवळजवळ होती, खोड जाड होतं. बहिणीला तिने निवडलं ते तिच्या अंगावर एकही डाग नव्हता म्हणून. तिच्या कोवळ्या तुऱ्यावर ती जरा अडखळली, पण दारं-खिडक्यांना जाळी आहे म्हटल्यावर काका म्हणाले, मग माशी कुठून येणार. आम्ही दोघं पास झालो. मागे राहिलेल्या सतरा जणांकडे मी मोठ्या तोऱ्यात पाहिलं. तो तोरा पुढे कामाला आला नाही.

काका सांगत गेले आणि बाई वहीत लिहीत गेली. उजेड भरपूर द्या, पण दुपारचं कडक ऊन नको. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. बशीत पाणी साचू द्यायचं नाही. तुरेवालीचे तुरे राहू द्यायचे, कोलियसला तुरा आला तर काढून टाकायचा. आणि महिन्यातून एकदा त्याचा शेंडा खुडायचा.

इथे तिची पेन्सिल थांबली. "खुडायचा? वाढत असताना?"

"वाढतंय म्हणूनच खुडायचा, ताई. नाहीतर बांबू होईल त्याचा."

तिने ते लिहिलं नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत एकच मोठी खिडकी, तिला गज आणि गजांवर बारीक जाळी. खिडकीखाली बैठा सोफा. आमच्या दोन कुंड्या तिने खिडकीच्या रुंद कट्ट्यावर ठेवल्या, आणि मित्रांनो, ते चार महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे होते. सकाळचा उजेड जाळीतून गाळून यायचा. समोरच्या इमारतीच्या जिन्यावर माणसं चढायची-उतरायची, ती पाहत मी वाढायचो. माझा लाल रंग असा खुलला की लिफ्टची वाट पाहणारे शेजारीही दारातून वाकून बघत. दोघी-तिघींनी फांदी मागितली. आईने हसून विषय बदलला. आई म्हणजे तीच बाई. आता आपण तिला आईच म्हणू, कारण त्या घरात तिला दुसरं नाव उरलंच नव्हतं.

ती आमची फार काळजी घ्यायची. बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, आणि तिथून उठली की तेच बोट आमच्या मातीत खुपसून ओल बघायची. बाळाचं नाव घरात कोणी घेत नसे. ते सारखं गोल फिरायचं, म्हणून भिंगरी. भिंगरीचे बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. शहरात कुठे ना कुठे कोणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असायचंच, आणि बाबा त्यांना बाहेर काढायचे. दमून घरी आले की सोफ्यावर आडवे होत, आणि माझं एखादं पान त्यांच्या कपाळाला लागे.

भिंगरी नऊ महिन्यांची झाली, रांगू लागली, आणि एका सकाळी दूध उतू गेलं म्हणून आई स्वयंपाकघरात धावली. तेवढ्यात भिंगरी सोफ्याला धरून उभी राहिली. तिने माझं पान धरलं, खाली वाकवलं आणि तोंडात घातलं. मित्रांनो, तिला तेव्हा दोनच दात होते, आणि ते दोन्ही मी मोजले.

पुढचं सगळं फार जलद झालं. आईचं बोट भिंगरीच्या तोंडात, पानाचा तुकडा आईच्या तळहातावर, भिंगरीचा आक्रोश, आईचा फोन. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, किती गेलं पोटात? पानाचा कोपरा. मग तोंड धुवा, पाणी पाजा, लक्ष ठेवा, उलटी झाली किंवा ओठ सुजले तर लगेच या. पण डॉक्टरबाईंशी बोलण्याआधीच आईने फोनवर तीन ठिकाणी वाचून घेतलं होतं. पहिलं म्हणत होतं, काही होत नाही. दुसरं म्हणत होतं, रस लागला तर खाज सुटू शकते. तिसरं म्हणत होतं, कुत्र्या-मांजरांना अपाय होतो. भिंगरी कुत्राही नव्हती आणि मांजरही नव्हती, पण आईने नेमकं तिसरंच धरलं.

भिंगरीला काही झालं नाही. दुपारी ती दोन तास गाढ झोपली. आई मात्र त्या दोन तासांत एकदाही बसली नाही. आम्हाला कुठे हलवायचं, हा एकच विचार. उंच कपाटावर ठेवलं आणि कुंडी डोक्यावर पडली तर? मोरीत ठेवलं आणि डास झाले तर? दाराबाहेर ठेवलं आणि कोणी नेलं तर? फेकून मात्र तिला देता येईना. बाळाच्या घरातून वाढतं झाड उकिरड्यावर टाकायचं, हे तिच्या मनाला पटेना.

आतल्या खोलीत भिंगरीची कॉट होती. लाकडी, चारी बाजूंनी गजांचा कठडा. मोठ्या हौसेने आणलेली. पण भिंगरीला त्यात ठेवलं की ती गजांना धरून असा टाहो फोडायची की खालच्या मजल्यावरचे वर यायचे. म्हणून ती कॉट भिंतीशी पडून होती, घडी न घातलेले कपडे ठेवायला. आईने ते कपडे काढले. शिवणटेप आणून झोपलेल्या भिंगरीचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मोजला, त्यात चार बोटं मिळवली, आणि कॉटच्या बरोबर मध्यावर, कुठल्याही बाजूने तेवढ्या अंतराच्या आत येणार नाही अशा बेताने, आमच्या दोन कुंड्या ठेवल्या.

संध्याकाळी भिंगरीची आत्या आली. ती केस कापायच्या दुकानात काम करते आणि तिची जीभही तिच्या कात्रीइतकीच चालते. तिने कॉट पाहिली, आईकडे पाहिलं.

"वहिनी, जगात पोरं आत ठेवतात आणि झाडं बाहेर. तुझ्या घरी उलटाच कारभार. उद्या पोरीला कुंडीत लावशील."

आई हसली नाही. ती गजांमधून आपला हात घालून कुंडी पोचते का ते पुन्हा एकदा बघत होती.

त्या खोलीला खिडकी नव्हती असं नाही. होती, पण पलीकडच्या भिंतीला, अरुंद, आणि वाऱ्याने बाळाला सर्दी होईल म्हणून तिची काच कायम लावलेली. दिवसातून तासभर तिच्यातून एक फिकट पट्टा जमिनीवर पडायचा. कॉटपर्यंत तो कधी पोचला नाही. पहिल्या दिवशी मी त्याची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तो येणारच नाही. मग मी ठरवलं की आपणच जायचं.

मित्रांनो, आम्हाला पाय नसतात हे खरं, पण आम्ही अगदीच जागचे हलत नाही असंही नाही. उजेड असेल तिकडे आम्ही अंग झुकवतो. रोज केसभर, पण झुकवतो. मी दिवसभर जीव एकवटून शेंडा त्या काचेकडे वळवायचो, पानं तिकडे फिरवायचो. आणि सकाळी सातला आई झारी घेऊन यायची, माझी कुंडी दोन्ही हातांनी धरायची आणि पाव फेरा फिरवायची.

झाड एका बाजूला कलू नये म्हणून कुंडी रोज थोडी फिरवावी, असं तिच्या वहीत होतं. सल्ला खोटा नव्हता. भरपूर उजेडात ठेवलेल्या झाडाला तो चांगलाच. पण मी जो एवढा प्रवास केलेला असायचा, तो एका हातासरशी वाया जायचा. माझं तोंड भिंतीकडे. मग मी पुन्हा वळायला लागायचो. आठवड्यात सात वेळा. दिवस उगवला की मी त्या हातांची भीती धरायचो, आणि ते हात मात्र मायेनेच आलेले असायचे. वाईट हेतूने कोंडलं तर रागावता तरी येतं. इथे मी कोणावर रागवायचं?

हळूहळू माझा लाल रंग विटक्या विटेसारखा झाला, मग तपकिरी. दोन पानांमधलं अंतर वाढत गेलं. माळीकाकांचा बांबू म्हणतात तो हाच, हे मला कळत होतं. खालची पानं पिवळी पडून कॉटच्या गादीवर गळायची. आई ती उचलून मोजायची.

बहिणीने मात्र माझ्याहून जास्त सोसलं, आणि त्यात माझा दोष होता. मला तहान फार लवकर लागते. जरा माती सुकली की मी लगेच माना टाकतो. ती आमची जातच अशी, तमाशेखोर. पाणी मिळालं की तासाभरात पुन्हा ताठ. तुरेवाली तशी नव्हती. तिच्या मांसल काड्यांत ओल साठलेली असायची. पण आईला वाटायचं, दोघं एकाच घराण्यातली, तर तहानही एकच असणार. मी मान टाकली की झारी दोघांवर रिकामी व्हायची. बहिणीच्या बशीत पाणी साचायचं, आणि उजेड नसल्याने ते सुकायचं नाही. तिचा तुरा आधीच कळ्यांसकट झडला होता. मग तिचं खोड बुडाशी काळं पडलं. ती मऊ पडलेली पाहून आईला वाटलं तहानलीय, आणि तिने आणखी पाणी घातलं.

मी ओरडू शकत नव्हतो. मान टाकू शकत होतो, पण मान टाकली असती तर आणखी पाणी आलं असतं.

एका सकाळी आईने तिला धरून सरळ करायला बोट लावलं, तर ती मुळापासून सुटून हातात आली.  मग तिने कुंडी उचलून नेली. परत आली ती रिकाम्या हाताने, डोळे पुसत. दारात उभ्या बाबांना ती म्हणाली की तिला एवढं जपलं, एवढं जपलं, तरी गेली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग कॉटमध्ये एकट्या उरलेल्या माझ्याकडे बघत ते म्हणाले, "लिफ्टमध्ये माणूस अडकला तर घंटी तरी दाबतो. हे बिचारं काय दाबणार?"

"दाबतंय की," आई म्हणाली. "रोज एक पान टाकतंय. पण मग तूच सांग, कुठे ठेवू?"

 बाबांनी काढलेल्या माणसांना बाहेर जागा असायची.

आत्याने मात्र उपाय सांगितला. कात्री दे, शेंडा उडवते, खालून फुटेल, दाट होईल. आई म्हणाली, केसांसारखं? त्यावर आत्या म्हणाली, केसांचं ते खोटं असतं गं, गिऱ्हाइकांना सांगतो आम्ही. झाडांचं मात्र खरं आहे. पण आईने कात्री दिली नाही. एक गेलं, आता उरल्यालाही कापू? तिला ते बघवणार नव्हतं.

त्या दिवसापासून तिने मला फिरवणं सोडलं. काही ठरवून नाही. आपण हात लावला की बिघडतं, असं तिच्या मनाने घेतलं असावं. पाणीही ती लांबूनच घालायची. मला हे आधी उपेक्षेसारखं लागलं. मग कळलं की माझा एक दिवसाचा प्रवास दुसऱ्या दिवशी शिल्लक राहतोय. मी झुकत गेलो. दोन आठवड्यांत माझा लांबुडका, पांढुरका शेंडा खिडकीकडच्या गजांना टेकला.

आणि त्या गजांपाशी रोज कोणीतरी येऊन उभं राहायचं. भिंगरी. आता ती कशालाही धरून उभी राहू लागली होती. ज्या कॉटमध्ये ती पाच मिनिटं राहिली नाही, तिच्या बाहेर ती अर्धा-अर्धा तास उभी राही, दोन्ही मुठींत दोन गज, मधे नाक. ती आत बघायची, मी बाहेर बघायचो. शिवणटेपने मोजलेलं अंतर कुंडीचं होतं. माझ्या शेंड्याचं अंतर कोणी मोजलं नव्हतं.

एका दुपारी तिने हात आत घातला आणि मला धरलं. मग कट् असा आवाज झाला.

मी खालून वर पाहिलं, तर वर काहीच नव्हतं. माझा शेंडा, वरची सहा पानं, सगळं तिच्या मुठीत. ती खाली बसली, एका हाताने रांगत, दुसऱ्या हातात मला उंच धरून स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिच्या मुठीतून खोली बघत होतो. साडेनऊ आठवड्यांत पहिल्यांदा मी दारातून बाहेर पडलो, आणि तेही असा.

आईने तिला पाहिलं मात्र, हातातलं टाकून झडप घातली. बोट भिंगरीच्या तोंडात, जबडा उघडून आत, गालांत, जिभेखाली. काही नव्हतं. सहाच्या सहा पानं शाबूत होती. भिंगरी रडली, चिडून रडली, कारण तिने काही केलंच नव्हतं. मग रडता रडताच तिने तो हात पुन्हा वर केला.

"घे."

आई-बाबा सोडून तिचा तो पहिला शब्द. आई जमिनीवर बसली. तिने मला घेतलं. भिंगरी लगेच रडायची थांबली, जणू एक काम हातावेगळं झालं.

लेकीने दिलेलं ते टाकवेना, म्हणून आईने मला काचेच्या पेल्यात, पाण्यात ठेवलं आणि ओट्यावरच्या खिडकीत उंच, कुंडी मावणार नाही अशा अरुंद चौकटीवर ठेवून दिलं. तिथे सकाळपासून उजेड असायचा. मित्रांनो, आता तुम्ही विचाराल, मग तू नक्की कुठे होतास? मलाही हा प्रश्न पडला होता. एक मी कॉटमध्ये, बिनशेंड्याचा, चार पानांचा खुंट. दुसरा मी पेल्यात, पोटभर उजेड पीत. एक अजून आत आणि एक बाहेर. आतल्याला बाहेरच्याचा हेवा वाटत होता, आणि बाहेरच्याला आतल्याची चिंता. अशी अवस्था तुमच्यापैकी कोणावर न येवो.

नवव्या दिवशी आईने पाणी बदलायला पेला उचलला. भिंगरी होण्याआधी ती औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. भरलेली बाटली उजेडासमोर धरायची, हळूच फिरवायची आणि आत एखादा कण तरंगतोय का ते बघायची. दिवसाला शेकडो बाटल्या. हाताला ती सवय राहिलीच होती. तिने पेला उजेडासमोर धरला, हळूच फिरवला. पांढरे, धाग्याएवढे, सहा-सात. ते कण नव्हते. मुळं होती.

ती पेला घेऊनच आतल्या खोलीत आली. कॉटवर वाकून तिने माझा खुंट पाहिला. जिथे मी तुटलो होतो त्याच्या खालच्या पेरावर, दोन्ही बाजूंना, मोहरीएवढे दोन हिरवे डोळे फुगले होते. तिने त्यांना हात लावला नाही. बराच वेळ ती नुसती माझ्या उंचीवर वाकून राहिली, हनुवटी कठड्यावर टेकून, आणि तिथून समोर बघत राहिली. मग तिने बाबांना हाक मारली.

"मी रोज याचं तोंड खिडकीकडून भिंतीकडे फिरवत होते," ती म्हणाली. "रोज."

 बाबांनी कठड्याची एक बाजू खाली सरकवली, कुंडी उचलली आणि बाहेरच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. शेजारी पेला.

पण माझी सुटका अजून पक्की नव्हती. आईने अट घातली. महिनाभर बघायचं. भिंगरीने पुन्हा पान तोंडात घातलं, तर त्याच दिवशी मी आत्याच्या दुकानात, बिनखिडकीच्या तळघरात, केस धुवायच्या खुर्चीमागे. आत्याने लगेच सांगून ठेवलं की वहिनी, तिथे मीच पिवळी पडत चाललेय, याचं काय घेऊन बसलीस.

त्या महिन्यात आई रोज भिंगरीला मांडीवर घेऊन माझ्यापुढे बसली. भिंगरीचं बोट धरून ती माझ्या पानावरून फिरवायची आणि म्हणायची, हात लावायचा, तोंडात नाही. हळू. मग दोघींचे हात धुवायची. तिचा स्वतःचा हात भिंगरीच्या हनुवटीखाली कायम तयार असायचा. भिंगरीला एक शब्द कळला की नाही, मला सांगता यायचं नाही. मी दिवस मोजत होतो.

बाविसाव्या दिवशी आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, हातात ओल्या कपड्यांचा पिळा. भिंगरी सोफ्याला धरून उभी राहिली. तिने माझं नवं पान धरलं. त्या खुंटावर फुटलेलं, लालबुंद, तेव्हाचं माझं सगळ्यात सुंदर पान. तिने ते वाकवलं आणि तोंडाजवळ नेलं.

आईच्या हातातून पाणी गळत होतं. ती धावली असती तर सहज पोचली असती. तिचं एक पाऊल पुढे पडलंही. मग ते थांबलं. तिचा चेहरा मला दिसत होता. अकरा आठवडे मी ज्या भीतीत होतो, ती सगळी तिच्या चेहऱ्यावर होती.

"हळू," ती एवढंच म्हणाली. तेही हळूच.

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आता तिला सहा दात होते. मग तिने ते पान स्वतःच्या गालावर घासलं, एकदा, दोनदा, आणि सोडून दिलं. पान वर उसळून पुन्हा जागच्या जागी आलं. भिंगरी बसली आणि सोफ्याखाली गेलेल्या चमच्यामागे लागली.

आई कपड्यांचा पिळा हातात धरूनच खाली बसली. हसली की रडली, कोण जाणे. मला एवढंच ठाऊक आहे की तो महिना संपला आणि मी खिडकीतच राहिलो.

आता भिंगरी चार वर्षांची व्हायला आली आहे. पेल्यातला मी मातीत गेलो, त्याचे शेंडे खुडून आणखी तिघे झाले, आणि मग त्यांचेही शेंडे शेजाऱ्यांकडे गेले. या इमारतीत प्रत्येक मजल्यावर मी थोडा थोडा आहे. शेंडा खुडायचं काम भिंगरीचं. आई जवळ उभी राहते, अजूनही श्वास रोखून, पण हात मागे बांधून. तुरेवालीची जागा मात्र भरली नाही. दुसरी आणली, ती छान फुलते, तिला पाणीही तिच्या तहानेनेच मिळतं. तरी ती माझ्या बहिणीची जागा नव्हे. आणि मी स्वतः, तो पहिला, आता थकलो आहे. पानं लहान येतात. उन्हाळ्यानंतर मी असेन असं वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. झाड आणताना नीट निवडा, लहानग्यांच्या आणि मुक्या जनावरांच्या तोंडाला लागणार नाही अशा बेताने ठेवा, पाणी ज्याच्या-त्याच्या तहानेने घाला. पण सगळ्यात आधी एक करा. तुम्ही ठेवाल तिथून आम्ही हलू शकत नाही. तेव्हा कुंडी ठेवलीत की क्षणभर खाली वाका, तिच्या उंचीवर या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या, तिथून खिडकी दिसते का.